इंग्रजीतील अनिश्चित सर्वनामे आणि त्यांचा योग्य वापर

‘सर्वनाम’ ही संज्ञा भारतीय व्याकरणपरंपरेत फार जुनी आहे. पाणिनीने ज्या शब्दगणाला हे नाव दिले त्या गणाच्या आरंभी ‘सर्व’ हा शब्द येतो आणि त्या पहिल्या शब्दावरून साऱ्या गणाची ओळख ठरते. ‘सर्व’, ‘विश्व’, ‘उभय’, ‘अन्य’, ‘इतर’ असे शब्द प्रथम येतात. ‘तू’ आणि ‘मी’ या अर्थाचे मूळ शब्द त्या यादीत जवळजवळ शेवटी आढळतात. भारतीय शाळांत शिकवल्या जाणाऱ्या इंग्रजी व्याकरणात हा क्रम अगदी उलटा आहे. तेथे ‘आय’ आणि ‘यू’ यांना पहिला मान मिळतो. ‘समबडी’, ‘एनीवन’, ‘ईच’, ‘नन’ ही मंडळी प्रकरणाच्या अखेरीस, बहुधा सुटीच्या आधीच्या घाईत शिकवली जातात. चारसहा नियम, रिकाम्या जागा भरण्याची दहा वाक्ये, आणि विषय संपला असे मानले जाते.

वस्तुतः इंग्रजी लिहिणाऱ्या भारतीयाची खरी अडचण ‘आय’ आणि ‘यू’ यांपाशी क्वचितच होते. ती होते या शेवटच्या प्रकरणापाशी. जो शब्द विशिष्ट कोणाचे नाव घेत नाही, तो नेमका कोणाला उद्देशून आहे हे ठरवणे कठीण असते. तो एक आहे की अनेक? पुरुष आहे की स्त्री? नकार त्याला लागू होतो की त्याच्यापैकी काहींनाच? हे प्रश्न परीक्षेतील गुणांपुरते राहत नाहीत. अहवालाचा अर्थ, सूचनेची व्याप्ती आणि, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, एखाद्या माणसाचा हक्कसुद्धा त्यांच्यावर अवलंबून राहिलेला आहे.

आधी वचनाचा प्रश्न. ‘सगळे आले आहेत’ हे मराठी वाक्य अनेकवचनी आहे. हिंदीतील ‘सब लोग आ गए हैं’ हेही तसेच. ही सवय घेऊन इंग्रजीकडे वळणारा विद्यार्थी ‘एव्हरीबडी हॅव कम’ असे म्हणून मोकळा होतो. त्याची चूक समजण्याजोगी आहे, कारण अर्थाच्या दृष्टीने त्याच्या डोळ्यांपुढे गर्दीच आहे. परंतु इंग्रजी भाषा त्या गर्दीकडे दोन निरनिराळ्या दृष्टींनी पाहते. ‘ऑल’ म्हणताना ती दुरून साऱ्या समूहावर एकदम नजर टाकते, म्हणून ‘ऑल हॅव कम’. ‘एव्हरीबडी’ म्हणताना ती दाराशी उभी राहून एकेकाची नोंद घेते, म्हणून ‘एव्हरीबडी हॅज कम’. मराठीत ही दुसरी दृष्टी ‘प्रत्येक’ या शब्दात आहे. ‘एव्हरीबडी’चे भाषांतर मनातल्या मनात ‘सगळे’ असे न करता ‘प्रत्येक जण’ असे केले, तर क्रियापद आपोआप एकवचनी येते. ‘एव्हरीवन’, ‘एव्हरीथिंग’, ‘समवन’, ‘एनीबडी’, ‘नोबडी’, ‘ईच’, ‘आयदर’ आणि ‘नायदर’ यांच्या बाबतीतही क्रियापदाचे वचन असेच राहते.

तरीही लिहिताना एक सापळा राहतोच. ‘ईच ऑफ द बॉइज’ असे लिहून होईपर्यंत ‘बॉइज’ हा अनेकवचनी शब्द क्रियापदाच्या अगदी शेजारी येऊन बसतो आणि लेखणीतून ‘हॅव’ निसटते. येथे कर्ता ‘ईच’ आहे, शेजारी नव्हे. याच्या नेमकी उलट चूक भारतात फार प्रचलित आहे: ‘वन ऑफ माय फ्रेंड’. मराठीत ‘माझा एक मित्र’ असे म्हणतात, त्यात मित्र एकच असतो. इंग्रजी वाक्यरचना मात्र आधी साऱ्या मित्रांना एकत्र आणते आणि मग त्यांतून एकाला वेगळा काढते. म्हणून ‘फ्रेंड्स’ अनेकवचनी आणि पुढचे क्रियापद एकवचनी. सुशिक्षितांच्या बोलण्यातही ही चूक सर्रास ऐकू येते.

‘नन’ या शब्दाविषयी जुन्या शिक्षकांनी बरीच दहशत निर्माण करून ठेवली आहे. हा शब्द ‘एकही नाही’ या अर्थाच्या जुन्या जोडशब्दापासून झाला, म्हणून त्यापुढे एकवचनच आले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद असे. व्युत्पत्ती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र टिकत नाही. इंग्रजीच्या अगदी प्राचीन काळापासून हा शब्द दोन्ही वचनांत वापरला गेला आहे. ‘नन ऑफ द बुक्स आर हिअर’ आणि ‘नन ऑफ द बुक्स इज हिअर’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. ‘नन ऑफ द मिल्क’ म्हटल्यावर मात्र एकवचनाला पर्याय नाही, कारण दूध मोजता येत नाही.

याहून पुष्कळ महत्त्वाचा, आणि शालेय पुस्तकांत तुलनेने कमी चर्चिला जाणारा विषय नकाराचा आहे. मराठीत ‘कोणीही आले नाही’, हिंदीत ‘कोई नहीं आया’, बंगालीत ‘केउ आसेनि’, तमिळमध्ये ‘यारुम वरविल्लै’. चार भाषा, दोन निराळी भाषाकुले. पण रचनेचे सूत्र एक. अनिश्चित सर्वनाम आरंभी येते, ते स्वतः नकारार्थी नसते, आणि नकार क्रियापदापाशी, वाक्याच्या शेवटाकडे, उच्चारला जातो. त्यामुळे देशाच्या कोणत्याही टोकाचा विद्यार्थी त्याच निष्ठेने एकच चुकीचे वाक्य तयार करतो: ‘एनीबडी डिड नॉट कम’. या वाक्यातील प्रत्येक शब्द शुद्ध आहे, तरीही ते वाक्य इंग्रजी नाही.

याचे कारण असे. ‘एनी’पासून झालेले शब्द सावलीत वाढणाऱ्या रोपांसारखे आहेत. त्यांच्यावर नकाराची, प्रश्नाची किंवा ‘जर’ची छाया आधी पडलेली असावी लागते. ‘आय डिड नॉट सी एनीबडी’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण ‘नॉट’ आधी येऊन गेला आहे. परंतु सर्वनाम स्वतःच कर्ता झाले की ते वाक्याच्या तोंडाशी येते आणि नकार मागे पडतो. मग इंग्रजीला एकच मार्ग उरतो: नकाराने सर्वनामातच शिरायचे. ‘नोबडी केम’. आणि नकार एकदा तेथे शिरला की क्रियापदाशी त्याची पुनरुक्ती प्रमाण इंग्रजीत चालत नाही. ‘नोबडी डिड नॉट कम’ याचा अर्थ ‘न आलेला असा कोणी नव्हता’, म्हणजे सगळेच आले, असा होऊन बसतो.

छाया नसताना ‘एनीबडी’ येतो तेव्हा त्याचा अर्थ निराळा असतो. ‘एनीबडी कॅन लर्न धिस’ म्हणजे हे कोणालाही शिकता येईल, वाटेल त्याला निवडावे. येथे मराठी भाषक इतर काहींपेक्षा भाग्यवान म्हणावा लागेल, कारण त्याच्या भाषेत ‘कोणीतरी’ आणि ‘कोणीही’ असा स्वच्छ भेद आहे. ‘तरी’ असेल तेथे बहुधा ‘सम’, ‘ही’ असेल तेथे बहुधा ‘एनी’, हे सूत्र पुष्कळ दूरवर साथ देते. मात्र ‘कोणीही... नाही’ अशी जोडी दिसली आणि ‘कोणीही’ कर्त्याच्या जागी असले, की ‘नोबडी’कडे वळावे.

नकाराची आणखी एक करामत आहे, आणि ती कार्यालयीन लेखनात खरोखर धोकादायक ठरू शकते. गावातील विहिरींची तपासणी झाली आणि अहवालात लिहिले गेले: ‘ऑल द वेल्स वेअर नॉट टेस्टेड’. याचा अर्थ काय? एकही विहीर तपासली नाही, की काही तपासल्या आणि काही राहिल्या? लिहिणाऱ्याच्या मनात ‘सगळ्या विहिरी तपासल्या नाहीत’ हे मराठी वाक्य असते, आणि त्याचा रूढ अर्थ दुसरा आहे. वाचणाऱ्याला पहिला अर्थही घेता येतो. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. ‘नॉट ऑल द वेल्स वेअर टेस्टेड’ किंवा ‘नन ऑफ द वेल्स वॉज टेस्टेड’ यांपैकी जे खरे असेल ते लिहावे. नकार सर्वनामाच्या अगदी शेजारी ठेवला की संदिग्धता राहत नाही. ‘एव्हरीबडी डिड नॉट पे’ या वाक्यालाही हेच औषध.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांच्यातील अंतर एका अक्षराचे आहे, पण रुग्णालयाच्या नोंदीत ते आशा आणि निराशा यांच्यातील अंतर होते. ‘अ फ्यू रिकव्हर्ड’ म्हणजे काही रोगी बरे तरी झाले. ‘फ्यू रिकव्हर्ड’ म्हणजे थोडेच बरे झाले. मराठीत हे काम ‘तरी’ आणि ‘च’ ही दोन चिमुकली अव्यये करतात. ‘लिट्ल’ आणि ‘अ लिट्ल’ यांचेही तसेच. ‘सम’विषयी एवढे पुरे की पाहुण्याला चहा विचारताना प्रश्न असूनही ‘सम टी’ असेच म्हणतात, कारण होकार अपेक्षित असतो. ‘एनी टी’ म्हटल्यास ‘चहा घेता का’ असा कोरडा सूर लागतो, ‘चहा घेणार ना’ असा नव्हे.

आता ज्या प्रश्नाने इंग्रजी वैयाकरणांना सुमारे पावणेतीनशे वर्षे गुंतवून ठेवले आहे, त्याकडे वळले पाहिजे. ‘प्रत्येकाने आपले पुस्तक आणावे’ हे मराठी वाक्य घ्यावे. यातील ‘आपले’ हा शब्द कर्त्याकडे परत जातो; पण जाताना कर्ता पुरुष आहे की स्त्री याची विचारपूस करीत नाही. त्या शब्दाचे रूप ठरते ते पुस्तकावरून. हिंदीतील ‘अपना’ही असाच. इंग्रजीत मात्र असा शब्द नाही. ‘एव्हरीवन शुड ब्रिंग...’ येथपर्यंत वाक्य सुखाने येते आणि मग थबकते. पुढे ‘हिज बुक’ म्हणावे, ‘हर बुक’ म्हणावे, की ‘देअर बुक’? पहिल्या दोहोंत वचन जुळते, पण निम्मा वर्ग वगळला जातो. तिसऱ्यात सारा वर्ग सामावतो, पण वचन बिघडल्यासारखे दिसते.

भारतातील शालेय व्याकरणाने या पेचाचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले होते. नेसफील्ड यांच्या पुस्तकांनी आणि 1930च्या दशकात त्यांची जागा घेऊ लागलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकाने पिढ्यान्‌पिढ्या घडवल्या. यांपैकी पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले गृहस्थ. ‘बो जेस्ट’ या 1924च्या साहसकादंबरीचे लेखक म्हणून ते इतरत्र ओळखले जातात, भारतात मात्र त्यांचे नाव उच्चारताच कादंबरी न आठवता काळ आणि वाच्य आठवतात. लिंग ठरलेले नसेल तेथे पुल्लिंगी सर्वनाम वापरावे, कारण इंग्रजीत दोघांना मिळून एकवचनी सर्वनाम नाही, अशी या पुस्तकाची शिकवण आहे. विद्यार्थी ती पाठ करतात आणि ती भाषेइतकीच प्राचीन आहे असे समजतात.

ती तशी नाही. हा नियम इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत येतो तो अठराव्या शतकाच्या मध्यास. जॉन कर्बी यांच्या 1746च्या व्याकरणात तो स्पष्टपणे मांडलेला आहे. त्यापूर्वी चौदाव्या शतकापासून ‘दे’ आणि ‘देअर’ ही रूपे अनिश्चित अशा एका व्यक्तीसाठी वापरात होती. चॉसर आणि शेक्सपिअर यांच्या लेखनात ती आहेत. आणि नियम निघाल्यानंतरच्या काळात लिहिणाऱ्या जेन ऑस्टेन यांनी तर ती मुक्तहस्ताने वापरली आहेत. तेव्हा ‘एव्हरीवन... देअर’ ही आधुनिक काळातील शिथिलता आहे, हा समज इतिहासाला धरून नाही. 1975 मध्ये अ‍ॅन बोडीन या अमेरिकन विदुषीने एका निबंधात हा इतिहास तपासला आणि वचनाची चूक टाळण्यासाठी वैयाकरणांनी लिंगाची चूक पत्करली, ही गोष्ट उघड केली. दोन्ही चुका तर्कदृष्ट्या सारख्याच. पण एकीला चूक म्हटले गेले आणि दुसरीला नियम.

अनेकवचनी रूपाने एका व्यक्तीचा निर्देश करणे ही गोष्ट इंग्रजीला नवीन नव्हतीच. आजचे ‘यू’ हे मुळात अनेकवचन. एकाला ‘दाऊ’ म्हणत. आदरार्थी ‘यू’ पसरत गेले आणि ‘दाऊ’ मागे पडले. 1660 मध्ये क्वेकर पंथाचे जॉर्ज फॉक्स आणि त्यांचे सहकारी यांनी एकाला ‘यू’ म्हणणे अशुद्ध आहे हे पटवण्यासाठी एक अख्खे पुस्तक लिहिले. आज त्यांच्या बाजूने कोणी बोलत नाही. भारतीय वाचकाला यात विचित्र वाटण्यासारखे काही नाही; घरी आलेल्या एकाच वडीलधाऱ्या माणसाला ‘आपण बसा’ म्हणणारा समाज हा आहे. तमिळमधील ‘अवर’ हे मूळचे अनेकवचनी रूप आता एका व्यक्तीसाठी आदराने वापरले जाते आणि त्यात स्त्रीपुरुषभेद नसतो. इंग्रजी ‘दे’च्या प्रवासाशी याचे बरेच साम्य आहे, फक्त तेथे कारण आदर नसून अनिश्चितता आहे. मराठीने तर तिसरीच वाट काढली: ‘दारात कोणीतरी आलं आहे’. येणारा कोण हे कळेपर्यंत ती त्याला नपुंसकलिंगात ठेवते. हिंदी मात्र ‘कोई आया है’ म्हणून पुल्लिंगाकडे झुकते. बंगालीत क्रियापदाला किंवा सर्वनामाला लिंगच नसल्यामुळे प्रश्न उद्भवत नाही.

‘हिज’चा नियम पाळू पाहणाऱ्यालाही तो सर्वत्र पाळता येत नाही. ‘कोणी आले नव्हते ना?’ हे इंग्रजीत विचारायचे असेल तर विधानाला छोटा प्रश्न जोडावा लागतो: ‘नोबडी केम, डिड दे?’ येथे ‘डिड ही?’ असे कट्टरातला कट्टर शिक्षकही म्हणत नाही. तसेच ‘एव्हरीवन वॉज टायर्ड, सो दे वेंट होम’ या वाक्यात ‘दे’ऐवजी ‘ही’ घातले तर दमले सगळे आणि घरी गेला एकटाच, असा अर्थ निघतो. म्हणजे क्रियापदासाठी एकवचन आणि पुढच्या सर्वनामासाठी अनेकवचन, ही दुहेरी व्यवस्था भाषेच्या अंगातच आहे. ती विसंगती वाटली तरी तीच इंग्रजीची रीत आहे.

हा वाद वर्गापुरता राहिला असता तर त्यावर इतका वेळ घालवण्याचे कारण नव्हते. 1850 मध्ये ब्रिटिश संसदेने कायद्यांची भाषा आखूड करण्यासाठी एक अधिनियम केला. कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा आणि एकवचनात अनेकवचनाचा समावेश मानावा, विरुद्ध अर्थ स्पष्टपणे दिलेला नसेल तर, असे त्यात ठरले. व्याकरणाचा नियम आता कायदा झाला. त्याची कसोटी लवकरच लागली. 1867 मध्ये मताधिकाराच्या सुधारणेचे विधेयक चर्चेस आले तेव्हा जॉन स्टुअर्ट मिल यांनी ‘मॅन’ या शब्दाच्या जागी ‘पर्सन’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. ती 73 विरुद्ध 196 मतांनी फेटाळली गेली. मग मँचेस्टरमधील पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी ‘एव्हरी मॅन’ हे शब्द 1850च्या कायद्यानुसार त्यांनाही लागू होतात, असा दावा केला. पूर्वीच्या 1832च्या कायद्यात ‘मेल पर्सन’ असे शब्द होते. नव्या कायद्यात ते बदलले, तेव्हा अर्थ विस्तारला असलाच पाहिजे, असेही त्यांचे म्हणणे होते. 1868 मध्ये न्यायालयाने हा दावा अमान्य केला. पुल्लिंगात स्त्रीलिंग येते हे खरे, पण या बाबतीत नाही, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता.

भारतात या गोष्टीला विशेष धार आली. 1860च्या भारतीय दंड संहितेतील बहुसंख्य गुन्ह्यांच्या शिक्षेची कलमे ‘हूएव्हर’, म्हणजे ‘जो कोणी’, या शब्दाने सुरू होत. आणि तिच्या 8व्या कलमात सांगितले होते की ‘ही’ हे सर्वनाम पुरुष असो वा स्त्री, कोणत्याही व्यक्तीसाठी वापरले आहे. चोरी केलेल्या स्त्रीने ‘ही’ या शब्दात तिचा समावेश होत नाही असे म्हणून सुटून जाण्याची सोय नव्हती. 1897च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या 13व्या कलमानेही तोच नियम केंद्रीय कायद्यांना लावला, विषयाशी किंवा संदर्भाशी विसंगत नसेल तर. या ‘तर’मध्येच सारे काही दडलेले होते.

1916 मध्ये रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर स्त्रीने वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला. तिला लागू असलेल्या 1879च्या विधिव्यवसायी अधिनियमात ‘योग्य व्यक्ती’ असे शब्द होते. ‘पुरुष’ असे कोठेही म्हटले नव्हते. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तरीही निर्णय दिला की स्त्री वकील होण्यास पात्र नाही. विधिमंडळाच्या मनात स्त्रिया नव्हत्या. 1921 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांच्या बाबतीत याच मार्गाने जाणे पसंत केले. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र कॉर्नेलिया सोराबजी यांची नोंदणी केली. सोराबजींचा जन्म 1866 मध्ये नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्यांनी 1892 मध्येच दिली होती. एका देशात, एकाच कायद्याच्या छत्राखाली, ‘व्यक्ती’ या शब्दाचे दोन अर्थ नांदत होते. अखेर 1923 मध्ये स्वतंत्र अधिनियम करून केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही अपात्र ठरवता येणार नाही असे सांगावे लागले. शिक्षेच्या कलमात सर्वनामाने जे सहज केले होते, ते हक्काच्या कलमात करून घेण्यासाठी एक नवा कायदा लागला.

कॅनडातही हेच घडले. तेथील संविधानात सिनेटवर ‘पात्र व्यक्ती’ नेमण्याची तरतूद होती. 1928 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या शब्दांत स्त्रिया येत नाहीत. अल्बर्टा प्रांतातील पाच स्त्रियांनी प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे नेले, आणि 18 ऑक्टोबर 1929 रोजी तेथे निर्णय फिरला.

स्वतंत्र भारताचे संविधान इंग्रजीत लिहिताना हाच वारसा चालू राहिला. 21व्या कलमात ‘पर्सन’ या शब्दामागे ‘हिज’ येते. राष्ट्रपतींचा उल्लेख ‘ही’ असाच आहे, आणि 367व्या कलमाने सर्वसाधारण खंड अधिनियमाचे नियम संविधानाच्या अर्थ लावण्यालाही लागू केले असल्याने 2007 मध्ये प्रतिभा पाटील आणि 2022 मध्ये द्रौपदी मुर्मू त्या पदावर आल्या तेव्हा शब्दाला हात लावावा लागला नाही. गंमत अशी की मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे तेच 21वे कलम मराठीत मांडताना सर्वनाम ‘तिचे’ येते, आणि त्या ‘तिचे’मध्ये पुरुष येत नाहीत असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या निकालात स्पष्ट केले की समानतेच्या कलमातील ‘व्यक्ती’ हा शब्द पुरुष किंवा स्त्री यांच्यापुरता मर्यादित नाही. आणि 1 जुलै 2024 पासून दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेत ‘ही’ या सर्वनामाची जी व्याख्या आहे तिच्यात पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला तृतीयपंथीय व्यक्तीचाही नामनिर्देश आहे. सर्वनाम तेच राहिले, पण त्यात कोण येते हे या वेळी गृहीत धरले गेले नाही.

या पार्श्वभूमीवर आजच्या लेखकाने काय करावे? इंग्रजीच्या जाणत्या वर्तुळांत एकवचनी ‘दे’ला आता मान्यता आहे, अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या 2019च्या लेखनविषयक मार्गदर्शिकेने तो स्वीकारला, आणि तिचे नियम अनेक विद्याशाखांत पाळले जातात. परीक्षकाच्या हातात जुने पुस्तक असेल तर मात्र विद्यार्थ्याचे गुण जातील, ही शक्यता भारतात अजून आहे. अशा ठिकाणी वाद घालण्यापेक्षा वाक्य फिरवणे शहाणपणाचे. ‘एव्हरी कँडिडेट मस्ट ब्रिंग हिज कार्ड’ ही सूचना परीक्षाकेंद्राच्या दारावर लावण्याऐवजी ‘ऑल कँडिडेट्स मस्ट ब्रिंग देअर कार्ड्स’ लिहिले, तर दोन्ही पक्षांचे समाधान होते. वचन बिघडत नाही, आणि दारात उभ्या असलेल्या मुलींनाही ती सूचना त्यांच्यासाठीच आहे हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. ‘हिज ऑर हर’ हा पर्याय एकदा वापरला तर ठीक. परिच्छेदात पाचदा आला की अर्ज भरल्यासारखे वाटू लागते. ‘वन’ने सुरू झालेले वाक्य ‘वन्स’नेच पुढे न्यावे, अमेरिकेत त्यामागे ‘हिज’ लिहिण्याची पद्धत असली तरी.

आणि मुलाखतीच्या पत्रात ‘एव्हरीबडी हॅव’ किंवा ‘एनीबडी डिड नॉट’ असे लिहू नये. तेथे कोणताही पंथ, कोणताही देश मदतीला येणार नाही.